गाडी जुनी, हप्ता नवा

श्रीरामपूरच्या आरटीओत पासिंग झालेली, एमएच १७ ची, बाराशे सीसीची एक पेट्रोल गाडी समजू या. शोरूमची किंमत आठ लाख. मालक सांभाळून चालवणारा. तीन वर्षांत गाडी कुठे ठोकली नाही, की एकही क्लेम केला नाही. दुसऱ्या नूतनीकरणाला त्याने साधारण ७,९०० रुपये भरले. त्यानंतर गाडी आणखी एका वर्षाने जुनी झाली, विम्याच्या कागदावरची तिची किंमत ८० हजारांनी उतरली आणि क्लेम न केल्याबद्दलची सवलत २५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेली. म्हणजे हप्ता उतरायला हवा. प्रत्यक्षात नोटीस आली ९,९०० रुपयांची.

असा आकडा आला की पहिला फोन एजंटला जातो. एजंट म्हणतो, "सगळ्यांचेच वाढलेत, साहेब." हे उत्तर पूर्ण खोटे नसते, पण पूर्ण खरेही नसते. या गाडीच्या बाबतीत कंपनीने एक पैसाही दर वाढवलेला नाही. हप्ता वाढला तो एका सक्तीच्या नियमामुळे, आणि ही वाढ गाडी घेतली त्याच दिवशी ठरलेली होती.

घोडेगाव किंवा राहात्याच्या मार्केट यार्डातून कांदापट्टी हातात पडली की शेतकरी हमाली, तोलाई, वाराई अशी एकेक कपात बोट ठेवून वाचतो. विम्याची पॉलिसी मात्र तळाचा आकडा बघून घडी घातली जाते आणि डॅशबोर्डच्या खणात जाते. खरे तर तीही एक पट्टीच आहे. तिच्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वेगळा असतो. त्याला ओन डॅमेज म्हणतात. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या थर्ड पार्टीचा हप्ता वेगळा, झिरो डेपसारख्या (सुट्या भागांची घट न कापणाऱ्या) जोड संरक्षणांचा वेगळा, गाडी चालवणाऱ्या मालकाच्या अपघात विम्याचा वेगळा. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. प्रत्येक ओळ ठरवणारा वेगळा, आणि ती बदलण्याचे कारणही वेगळे.

त्यातली थर्ड पार्टीची ओळ कंपनीच्या हातात नसतेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि जे सक्तीचे आहे त्याचा दर सरकार ठरवते. पूर्वी हे काम विमा नियामक आयआरडीएआय करत असे; २०२२ पासून रस्ते वाहतूक मंत्रालय नियामकाशी सल्लामसलत करून अधिसूचना काढते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये पडतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना सीसी नसते. त्यांचे दर किलोवॉटवर ठरतात आणि ते थोडे कमी आहेत. दर नेहमी वाढतातच असेही नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे गावोगाव धावणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींना, आधी ७५२ रुपये पडत. २०२२ मध्ये ते ७१४ झाले.

श्रीरामपूरच्या गाडीचे कोडे इथे सुटते. रस्त्यावरच्या असंख्य गाड्या विम्याशिवाय फिरतात हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नियम घालून दिला. त्याप्रमाणे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांची आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. एक ते दीड हजार सीसीच्या गाडीला तिचे १०,६४० रुपये शोरूमच्या बिलातच भरलेले असतात. ऑन रोड किमतीच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मग पहिल्या आणि दुसऱ्या नूतनीकरणाला फक्त ओन डॅमेजचा हप्ता येतो, आणि मालकाला वाटते, आपल्या गाडीचा विमा स्वस्तच आहे. तिसऱ्या नूतनीकरणाला ती तीन वर्षे संपलेली असतात. ३,४१६ रुपयांची ओळ परत येते, तिच्यावर जीएसटीही लागतो, आणि बाकी सगळे उतरूनही एकूण आकडा वर जातो. दुचाकीच्या मालकाला हाच धक्का सहाव्या वर्षी बसतो.

थर्ड पार्टीचा पैसा जातो कुठे, हे जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दिसते. भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी बांधून दिले आहे: २००९ चा सरला वर्मा आणि ३१ ऑक्टोबर २०१७ चा प्रणय सेठी. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय करून महिन्याला २० हजार मिळवणारा माणूस अपघातात गेला असे धरू. मागे बायको आणि दोन मुले. चाळिशीच्या आतल्या व्यावसायिकाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून २० हजारांत ४० टक्के मिळवायचे. झाले २८ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करायचा. उरलेल्या रकमेचे वर्षाचे होतात २ लाख २४ हजार. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक १६. गुणाकार ३५ लाख ८४ हजारांवर जातो. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरे रकमा त्यावर वेगळ्या. धडक देणारी गाडी ७१४ रुपयांचा हप्ता भरलेली मोटारसायकल असली, तरी मृत्यूच्या दाव्याला कायद्यात वरची मर्यादा नाही. लोकांची मिळकत वाढली की भरपाई वाढते, आणि आज ना उद्या ती दराच्या अधिसूचनेत उतरते.

थर्ड पार्टीचा दर देशभर एकच असतो. समृद्धी महामार्गावरून कोपरगावला उतरणारी गाडी असो की नगर–मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवणारी, सीसी सारखे असेल तर रुपयेही सारखे. ओन डॅमेजचे तसे नाही.

ओन डॅमेजचे दरही एकेकाळी सरकारी टेरिफने बांधलेले होते. १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले. तरी २००२ च्या टेरिफमधले कोष्टक पाया म्हणून अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. कंपन्या त्यावर आपापली सवलत किंवा भार लावतात. त्या कोष्टकात देशाचे दोन भाग आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे 'ए' झोनमध्ये. उरलेला सगळा देश 'बी' झोनमध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, एक ते दीड हजार सीसीच्या गाडीला पुण्यात किमतीच्या ३.२८३ टक्के आणि नगरला ३.१९१ टक्के. मालक राहतो कुठे, हे इथे बघत नाहीत. गाडीची नोंदणी कुठली, ते बघतात. पुण्यात नोकरीला असताना घेतलेली एमएच १२ किंवा एमएच १४ ची गाडी निवृत्तीनंतर संगमनेरला आणून उभी केली, तरी नोंदणी बदलेपर्यंत पाया पुण्याचाच. ४ लाख ८० हजारांच्या गाडीला हा फरक साडेचारशे रुपयांच्या आत बसतो. खरी तफावत कंपन्यांच्या आतल्या हिशेबात पडते, कारण कोणत्या आरटीओच्या, कोणत्या मॉडेलच्या गाड्यांचे क्लेम किती आले, याची आकडेवारी आता प्रत्येकीकडे असते.

टक्केवारी लावायची ती किंमत म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्त होण्यापलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त तेवढे देते. तिचे कोष्टक ठरलेले आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतरची किंमत मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. यात एक बारकावा आहे. घट धरतात ती मालकाने मोजलेल्या पैशांवर नव्हे, तर त्या मॉडेलच्या चालू दरपत्रकावरच्या किमतीवर. कंपनीने नव्या गाडीचा भाव वाढवला की अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीची आयडीव्हीही थोडी सावरते. उलटेही घडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दरपत्रके उतरली. त्यामुळे आयडीव्ही उतरते, हप्ताही उतरतो, पण गाडी चोरीला गेल्यावर हातात येणारी रक्कमही तेवढीच आखडते. विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला माफ झाला. खासगी गाडीच्या आणि घराच्या विम्याला तो १८ टक्केच राहिला.

आता सवलतीकडे. श्रीरामपूरच्या गाडीचा हिशेब करताना कंपनीची सवलत सरळ निम्मी धरली आहे. चौथ्या वर्षाची आयडीव्ही ४ लाख ८० हजार, ३.१९१ टक्क्यांनी पाया १५,३१७ रुपये; सवलत जाऊन ७,६५८. आता कंपनीने निम्म्याऐवजी ३० टक्केच सवलत द्यायचे ठरवले, तर हीच ओळ १०,७२२ होते. गाडी तीच, मालक तोच, क्लेम शून्य. ओळ मात्र तीन हजारांनी चढी. त्या मॉडेलचे सुटे भाग महागले, बंपरमध्ये सेन्सर आणि कॅमेरे आले, साध्या दिव्याच्या जागी एलईडीचा अख्खा संच बदलावा लागतो, म्हणून एका छोट्या धडकेचे बिल फुगते. त्याचा भार क्लेम न करणाऱ्यावरही पडतो. पण ही सवलत कंपनीगणिक बदलते, म्हणून घासाघीस करायला खरी जागा इथेच असते.

उरलेली मोठी ओळ एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याच्या बक्षिसाची. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सवलत फक्त ओन डॅमेजवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. आणि एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. चूक कुणाची होती, हे विचारलेच जात नाही. पारनेरच्या बाजूला गारपीट झाली आणि अंगणातल्या गाडीच्या टपावर पोचे पडले, तरी तो क्लेमच. मोटार पॉलिसीत गारपीट स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहे, पैसे मिळतात. एनसीबी मात्र जातो.

म्हणून छोट्या नुकसानीला क्लेम करावा की नाही, हा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो. आपल्या गाडीने तिसऱ्या वर्षात क्लेम केला असता, तर ३५ टक्के सवलत बुडून जीएसटीसह सुमारे ३,१६० रुपये जास्त भरावे लागले असते. चौथ्या नूतनीकरणाला ४५ ऐवजी २० टक्केच मिळाले असते, म्हणजे आणखी सुमारे १,८८० रुपये. दोन वर्षांत पाच हजार गेले. समजा बंपर घासला आणि डेंटिंग-पेंटिंगचे बिल चार हजार झाले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले एक हजार रुपये सक्तीने मालकाच्याच खिशातले. प्लास्टिकच्या भागाला झिरो डेप नसेल तर निम्मीच किंमत मिळते. हातात येणार दोन-तीन हजार, आणि त्यासाठी पाच हजार घालवायचे. राहुरीच्या गॅरेजवाल्याने "क्लेम टाकू का?" म्हणून विचारले की उत्तर देण्याआधी एवढी वजाबाकी कागदावर करून पाहावी.

एनसीबीबद्दलचा आणखी एक गैरसमज घरातल्या घरात गाडी फिरते तेव्हा उघड होतो. ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. वडिलांनी हयातीत गाडी मुलाच्या नावावर केली, तर वडिलांचा ५० टक्के एनसीबी गाडीबरोबर जात नाही. मुलगा शून्यापासून सुरुवात करतो. वडिलांनी स्वतः दुसरी गाडी घेतली तर ते तो तिकडे नेऊ शकतात. जुन्या कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले तर तीन वर्षांपर्यंत चालते. मालकाचे निधन झाले असेल तर मात्र नियम वेगळा आहे: पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील यांना तो मिळू शकतो. कंपनी बदलताना "क्लेम नव्हता" असे खोटे लिहून दिले तर बहुधा पकडले जाते, कारण नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते; आणि पकडले गेले की मोठ्या अपघाताच्या वेळीच ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

जोड संरक्षणांची ओळ पाचव्या-सातव्या वर्षाच्या आसपास हलते. बऱ्याच कंपन्या तेवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप देत नाहीत किंवा महाग देतात. मग हप्ता एकदम खाली आल्यासारखा दिसतो. खाली आलेले असते ते संरक्षण. पाण्याच्या बाबतीत हे विशेष जपण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या, तेव्हा इंजिनात शिरलेल्या पाण्याचा प्रश्न घरोघर कळला. बुडालेली गाडी सुरू करायला गेले आणि इंजिन बसले, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळे घ्यावे लागते. भंडारदरा, घाटघरकडच्या लोकांना पाऊस नवा नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा एरवी टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यांत अतिवृष्टीने ओढे गावात शिरले. कोरड्या भागात राहतो म्हणून ही ओळ खोडणाऱ्यांनी तेवढे आठवावे.

हप्ता बदलण्याचे आणखी एक कारण म्हणजे गाडीचा वापर. शिर्डीत पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे मारणे काही जणांना साधी गोष्ट वाटते. भाड्याच्या गाडीचा विमा मुळातच वेगळा असतो. एक ते दीड हजार सीसीच्या टॅक्सीला थर्ड पार्टीचे ७,९४० रुपये आणि शिवाय दर प्रवाशामागे ९७८ रुपये. खासगी गाडीला ३,४१६. हा फरक वाचवला तर अपघातानंतर कंपनी पॉलिसीच्या अटीवर बोट ठेवते आणि गाडीच्या नुकसानीचा क्लेम फेटाळते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचेही तसेच. टेरिफमध्ये त्याला किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजला आणि ६० रुपये थर्ड पार्टीला, एवढाच जादा आकार आहे. पण किट आरसी बुकावर आणि पॉलिसीवर चढलेले हवे.

घराचा विमा काढणारे अहिल्यानगर जिल्ह्यात अजून थोडे. काढलेला असतो तो बहुतेक वेळा गृहकर्ज देताना बँकेने पुढे केलेला. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते, त्यामुळे ती समजून घेणे सोपे झाले आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हे सगळे तिच्यात येते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, घराची उलट चढते, आणि हप्ता वाढण्याचे पहिले कारण तेच.

इथे घराची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. नगर शहरातल्या सावेडीत प्लॉटला सोन्याचा भाव आला असला तरी जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. विमा उतरतो तो तेच घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा: चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर. हजार चौरस फुटांचे घर, दर १,८०० रुपये धरला तर १८ लाख. सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची मजुरी वाढून दर २,२०० झाला की तेच घर २२ लाखांचे. कंपनीने टक्केवारी न हलवताही हप्ता २२ टक्क्यांनी चढतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, आपोआप संरक्षण मिळते. तेही ३ लाख ६० हजारांवरून ४ लाख ४० हजारांवर जाते. गच्चीवर आणखी एक मजला चढवला असेल तर क्षेत्रच वाढते, आणि ते कळवावे लागते. पुढच्या खोलीत किराणा दुकान काढले तर तो भाग राहता उरत नाही. त्याला लहान व्यवसायांसाठीची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे.

'भारत गृह रक्षा' पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि बँकेकडून घेतलेल्या पॉलिस्या बहुधा अशाच लांब मुदतीच्या असतात. तीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, जादा हप्ता न घेता वाढत जाते. मुदत संपल्यावर मात्र नवी पॉलिसी त्या दिवशीच्या बांधकाम दराने बनते. इतक्या वर्षांची वाढ एका नोटिशीत दिसते आणि मालक दचकतो. साध्या घरफोडीचे संरक्षणही त्यात गृहीत धरू नये. आग-पूर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी मूळ पॉलिसीत बसते. एरवीच्या चोरीसाठी वेगळे कलम आणि वेगळा हप्ता.

या सगळ्याखाली मूळ दर का हलतात, हे बँक खात्यातून कापल्या जाणाऱ्या एका छोट्या रकमेवरून कळते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये वर्षाला १२ रुपयांत सुरू झाली. १ जून २०२२ पासून तिचे २० रुपये झाले. सरकारने कारण आकड्यांत दिले होते: ३१ मार्च २०२२ पर्यंत जमा झालेल्या दर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे २२१ रुपयांहून जास्त क्लेम द्यावे लागले. जमेपेक्षा वाटप जास्त झाले की दर चढतो, नाहीतर फरक कुणीतरी भरतो. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता राज्य सरकार भरत होते. २०२५ च्या खरिपापासून ती सोय बंद झाली आणि शेतकरी पुन्हा आपला वाटा भरू लागला.

विमा कंपन्याही आपला विमा उतरवतात. मोठ्या पुराचा, भूकंपाचा भार एकट्या कंपनीला पेलत नाही, म्हणून त्या पुनर्विमा घेतात. मुंबईची जीआयसी री ही देशातली सरकारी पुनर्विमा कंपनी. भारतीय कंपन्यांचे हे करार बहुतांशी १ एप्रिलला नवे होतात, आणि त्यांचे दर जगभरच्या आपत्तींकडे बघून ठरतात. त्यामुळे तुर्कस्तानातल्या भूकंपाची किंवा फ्लोरिडातल्या चक्रीवादळाची थोडीशी झळ केडगावच्या बंगल्याच्या हप्त्याला लागू शकते. अमेरिकेत याचे टोक दिसते: वणव्यांचा धोका आणि बांधकामाचा वाढता खर्च यांमुळे स्टेट फार्म या बड्या कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिस्या घेणेच थांबवले. ब्रिटनमध्ये प्रश्न वेगळा होता. नव्या ग्राहकाला स्वस्त दर आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने नूतनीकरण करणाऱ्याला चढा, ही कंपन्यांची रीत तिथल्या नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून घर आणि मोटार विम्यात बंद केली. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही.

इकडे ही तुलना ग्राहकालाच करावी लागते, आणि ती करताना तळाचा आकडा फसवतो. एका कंपनीचा हप्ता हजाराने कमी दिसतो, कारण तिने आयडीव्ही ५० हजारांनी खाली धरलेली असते. दुसरीने झिरो डेप वगळलेले असते. तिसरीने 'स्वेच्छा वजावट' घातलेली असते, म्हणजे क्लेममधला पहिला एक ठरावीक भाग मालकाने सोसायचा. टेरिफप्रमाणे अडीच हजारांची वजावट पत्करली तर २० टक्के सवलत, पण ७५० रुपयांच्या आत. पंधरा हजारांची पत्करली तर ३५ टक्के, अडीच हजारांच्या आत. सुरक्षित चालवणाऱ्याला हा सौदा परवडतो, मात्र तो त्याने स्वतः कळून केलेला हवा. म्हणून गेल्या वर्षीची आणि या वर्षीची पॉलिसी शेजारी ठेवून आयडीव्ही, एनसीबी, थर्ड पार्टी, जोड संरक्षणे आणि वजावट या पाच ओळी ताडून बघाव्यात. वाढ कुठे झाली ते तिथेच सापडते.

तारखेचेही भान हवे. पॉलिसी संपल्यावर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, मगच ओन डॅमेज देते. संपल्यापासून ९० दिवस उलटले तर साठवलेला एनसीबी सगळाच जातो. ५० टक्क्यांवर पोचलेल्या मालकाला ही चूक पुढच्या पाच वर्षांत भरून काढावी लागते.

एनसीबी चुकीचा धरला, न मागितलेले संरक्षण घातले किंवा हप्त्याचाच वाद झाला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. नियामकाच्या 'बिमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुढची पायरी विमा लोकपाल. अहिल्यानगर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा तिथे होऊ शकतो; तक्रारीला फी नाही आणि वकीलही लावावा लागत नाही. सोबत दोन्ही वर्षांच्या पॉलिस्या, नूतनीकरणाची नोटीस आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा.